एक लाखाचं अधिकृत भांडवल, पन्नास लाखांची गुंतवणूक आणि भागधारक करारातली कलमं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला द्राक्षांच्या पॅकिंगचं साहित्य बनवणारी तुम्हा दोघा मित्रांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढू शकते ती मर्यादा, १ लाख, दहा रुपयांचे १०,००० शेअर, आणि ते सगळे तुमच्या दोघांत निम्मे-निम्मे. एक गुंतवणूकदार ५० लाख देऊन १० टक्के हिस्सा मागतोय, तोही पुढे सक्तीने इक्विटीत, म्हणजे साध्या शेअरमध्ये, रूपांतरित होणाऱ्या प्राधान्य शेअरच्या, म्हणजे सीसीपीएसच्या रूपात. त्याच्या वकिलाने पाठवलेल्या करारात 'सर्व शेअर रीतसर अधिकृत केलेले आहेत आणि कंपनी पुरेसे शेअर राखून ठेवील' असं कलम आहे, शिवाय भागधारकांच्या हक्कांची चार पानं. तुम्ही विचारलंत की एक लाखाच्या कंपनीत पन्नास लाख मावणार कसे, आणि दहा टक्के देऊन कंपनी हातची जाते का.

पहिल्या प्रश्नाची धास्ती सोडा. अधिकृत भांडवलाची मर्यादा शेअरच्या दर्शनी किमतीवर मोजतात, मिळालेल्या पैशावर नाही. दहा टक्क्यांसाठी साधारण १,१११ शेअर द्यावे लागतील. ४,५०० रुपये भावाने त्यांचे ४९,९९,५०० रुपये येतील, पण भांडवलाच्या खात्यात जातील फक्त ११,११० रुपये. उरलेली सगळी रक्कम सिक्युरिटीज प्रीमियमच्या खात्यात जाते आणि तिला अधिकृत भांडवलाची मर्यादा लागत नाही. अधिकृत भांडवल ५० लाखांवर नेण्याचा सल्ला कुणी दिला असेल, तर त्याला आधी हे गणित विचारा. वाढीव रकमेवर सरकारी फी लागते आणि महाराष्ट्राची स्टॅम्प ड्युटी वेगळी लागते. ती विनाकारण भरू नका.

खरी अडचण दुसरीच आहे. तुमचे दहाही हजार शेअर वाटून झालेत, म्हणजे एक शेअर द्यायलाही जागा नाही, आणि प्राधान्य शेअरचा वर्ग तर तुमच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात, बहुधा नसेलच. मर्यादेबाहेर केलेलं वाटप कायद्यात टिकत नाही. नंतर भांडवल वाढवून ते मागच्या तारखेने सुधारता येत नाही. म्हणून क्रम आधी जागेचा, मग ऑफर, मग पैसे, मग वाटप, असाच ठेवावा लागतो.

जागा किती करायची हे ठरवताना एकूण रकमेबरोबर वर्गवारीही बघा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. भांडवल १ लाखाचं २ लाख केलं, पण सगळे इक्विटी शेअर लिहिले, तर सीसीपीएस देता येणार नाहीत. उलट सीसीपीएसपुरता प्राधान्य वर्ग केला आणि इक्विटी १०,००० वरच ठेवली, तर आज वाटप होईल आणि तीन-चार वर्षांनी रूपांतराच्या दिवशी गाडं अडेल, कारण प्राधान्य वर्गातली रिकामी झालेली जागा आपोआप इक्विटीत येत नाही. तुमच्या बाबतीत मी २ लाखांची वाटणी अशी करेन: १७,००० इक्विटी आणि ३,००० प्राधान्य, दोन्ही दहा रुपयांचे. इक्विटीत तुमचे १०,०००, रूपांतरासाठी सुमारे १,१००, कर्मचाऱ्यांना शेअर द्यायची योजना पुढे आणलीत तर हजारभर, आणि बाकी मोकळी जागा. करारातलं 'पुरेसे शेअर राखून ठेवील' हे कलम अमेरिकी नमुन्यातून आलेलं असतं. आपल्याकडे शेअर राखून ठेवण्याची वेगळी नोंद नसते. त्या वाक्याच्या जागी 'रूपांतरासाठी लागेल तेवढी न वाटलेली इक्विटी अधिकृत भांडवलात कायम ठेवील, आणि कमी पडल्यास भागधारक भांडवलवाढीच्या बाजूने मत देतील' असं लिहून घ्या. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याने तुम्ही दोघे बांधले जाता आणि गुंतवणूकदाराला हवं ते खरं संरक्षण मिळतं.

भांडवल वाढवायला कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६१ खाली साधारण ठराव पुरतो, मात्र आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, तशी परवानगी हवी. तुम्ही तक्ता एफ, म्हणजे कायद्यातले नमुना आर्टिकल्स, स्वीकारला असेल तर नियम ३५ मध्ये ती आहेच. स्वतःचे आर्टिकल्स असतील तर दोन गोष्टी तपासा. परवानगी आहे का, आणि 'कंपनीचं अधिकृत भांडवल १ लाख रुपये आहे' असा आकडा आर्टिकल्समध्येही छापलाय का. जुन्या मसुद्यांत तो सर्रास असतो. असेल तर मेमोरँडमबरोबर आर्टिकल्सही बदलावे लागतात आणि त्याला विशेष ठराव, म्हणजे विरोधाच्या किमान तिप्पट मतांनी होणारा ठराव, लागतो. ठरावानंतर ३० दिवसांत भांडवलवाढ कंपनी रजिस्ट्रारला कळवणारा फॉर्म एसएच-७. उशीर झाला तर कंपनीला दिवसाला ५०० रुपये, कमाल ५ लाख, आणि संचालकांना वेगळा दंड.

आता वाटप. बाहेरच्या माणसाला शेअर द्यायचे म्हणजे कलम ६२(१)(क) आणि कलम ४२ दोन्ही लागू होतात, आणि प्राधान्य शेअर असल्याने कलम ५५ सुद्धा. यासाठी विशेष ठराव हवा आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल हवा. चार्टर्ड अकाउंटंटने लेटरहेडवर दिलेला भाव इथे चालत नाही, त्यांची मूल्यांकक म्हणून नोंदणी असली तरच चालतो. विशेष ठराव एमजीटी-१४ या फॉर्ममध्ये रजिस्ट्रारकडे दाखल झाल्यानंतरच पास-४ हे ऑफरपत्र त्या माणसाच्या नावाने द्यायचं. पैसे त्याच्याच बँक खात्यातून, तुमच्या कंपनीने याच कामासाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यात यायला हवेत. पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप, आणि वाटपापासून १५ दिवसांत पास-३ हे वाटपाचं विवरणपत्र. पास-३ दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. नव्या मशिनचा आगाऊ हप्तासुद्धा त्यातून द्यायचा नाही.

प्रत्यक्षात काय होतं? हस्तांदोलन झालं की गुंतवणूकदार दहा लाख 'ॲडव्हान्स' म्हणून कंपनीच्या चालू खात्यात टाकतो आणि कंपनी ते कच्च्या मालावर खर्च करते. ठराव नाही, ऑफरपत्र नाही, वेगळं खातं नाही. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करावे लागतात. तेही न केल्यास १२ टक्के व्याज लागतं आणि ती रक्कम ठेव समजली जाते. प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या व्यक्तीकडून ठेव घ्यायला मनाई आहे, त्यामुळे 'मग कर्ज म्हणून दाखवू' हा मार्गही बंद होतो. कलम ४२ मोडल्याचा दंड उभारलेल्या रकमेएवढा किंवा २ कोटी, यांपैकी जो कमी असेल तिथपर्यंत जातो, शिवाय पैसे व्याजासह परत. तुमच्याकडे असा ॲडव्हान्स आधीच आला असेल, तर तो परत करा आणि नव्याने, क्रमाने घ्या. अवघडल्यासारखं वाटेल, पण तेच स्वस्त पडतं.

वाटपानंतर दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट द्यायचं. त्यावरची स्टॅम्प ड्युटी १ जुलै २०२० पासून देशभर सारखी, प्रीमियमसकट रकमेच्या ०.००५ टक्के आहे, म्हणजे इथे साधारण २५० रुपये. कंपनी 'छोटी कंपनी' या व्याख्येत बसत नसेल तर शेअर डीमॅटमध्येच द्यावे लागतात. ती व्याख्या भरणा झालेलं भांडवल आणि उलाढालीवर ठरते आणि तिच्या मर्यादा वाढत आल्या आहेत, म्हणून वाटपाच्या दिवशी लागू असलेला आकडा कंपनी सेक्रेटरीकडून (सीएस) घ्या. जास्त भावाने शेअर दिल्याबद्दल कंपनीवर बसणारा कर, ज्याला सगळे एंजल टॅक्स म्हणत, तो १ एप्रिल २०२५ पासून गेला आहे, तेव्हा त्यासाठी भाव दाबून ठेवू नका. गुंतवणूकदार परदेशात राहणारा असेल तर मात्र फेमाचे, म्हणजे परकीय चलन कायद्याचे, भावाचे नियम आणि वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म, हे वेगळं काम मागे लागतं.

आता हक्कांकडे येऊ. तुमची काळजी योग्य आहे, पण ती टक्क्यांच्या आकड्यावर ठेवू नका. दहा टक्के म्हणजे नक्की काय, हे एका शेअरवर कसं फिरतं बघा. तुमचे १०,००० आणि त्याचे १,१११ मिळून ११,१११ होतात. त्याचा दशांश १,१११.१. म्हणजे त्याच्याकडे दहा टक्क्यांहून किंचित कमी आहे. कलम १०० खाली असाधारण सभा बोलावण्याची मागणी करायला मताधिकार असलेल्या भरणा भांडवलाचा दशांश लागतो. १,१११ वर तो हक्क मिळत नाही, १,११२ वर मिळतो. त्याच्या वकिलाच्या हे लक्षात आलं तर तो १,११२ शेअर ४,४९६ रुपयांनी मागेल, एकूण ४९,९९,५५२ रुपये. द्यायला हरकत नाही, फक्त काय देतोय ते कळून द्या. दडपशाही आणि गैरकारभाराची तक्रार न्यायाधिकरणाकडे नेण्याचा कलम २४४ चा हक्क मात्र त्याला दोन्ही आकड्यांवर मिळतो, कारण तिथे भांडवलाच्या दशांशाऐवजी सभासदसंख्येचा दशांशही चालतो आणि तुम्ही तिघेच आहात.

दुसरा परिणाम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. २१ दिवसांच्या नोटिशीऐवजी तातडीने असाधारण सभा घ्यायची तर मताधिकाराच्या ९५ टक्के भांडवलाची संमती लागते. आजवर तुम्ही दोघांनी सह्या केल्या की सभा झाली. त्याला मताधिकार मिळाल्यावर तो सही करेपर्यंत प्रत्येक सभेला पूर्ण २१ दिवस थांबावं लागेल. प्रायव्हेट कंपनीला आर्टिकल्समधून हा कालावधी कमी करता येतो. नवे आर्टिकल्स करतानाच सात दिवसांची नोटीस लिहून घ्या.

विशेष ठराव अडवायला मात्र त्याला पंचवीस टक्क्यांहून जास्त मतं लागतील. बरोबर पंचवीस पुरत नाहीत, कारण विरोधाच्या तिप्पट मतं बाजूने पडली की ठराव मंजूर होतो. म्हणजे कायद्याने तुम्ही दोघे ९० टक्क्यांवर हवा तो विशेष ठराव करू शकता, अगदी नव्या माणसाला शेअर देऊन त्याचा हिस्सा पातळ करण्याचासुद्धा. नव्या शेअरवर आधी विद्यमान भागधारकांचा हक्क, हे कलम ६२(१)(अ) मध्ये आहे, पण ते इक्विटीधारकांपुरतं. सीसीपीएसवाल्याला ते मिळत नाही, आणि इक्विटीवाल्याचंही विशेष ठरावाने बाजूला करता येतं. म्हणून गुंतवणूकदार करारात अग्रहक्काचं कलम, हिस्सा पातळ होण्यापासून संरक्षण आणि काही निर्णयांवर नकाराधिकार मागतो. पैसे लावणाऱ्याने हे मागण्यात मला गैर काही दिसत नाही. भांडण त्याच्या व्याप्तीवर करा.

नकाराधिकाराच्या यादीत नवे शेअर, भांडवलाच्या वर्गांच्या हक्कांत बदल, कंपनीची विक्री, मुख्य धंदा बदलणं, संचालकांच्या नातेवाइकांशी व्यवहार, हे असावं. 'पाच लाखांवरचा कुठलाही खर्च' असलं कलम आलं तर द्राक्षाच्या हंगामात पुठ्ठा आणि प्लास्टिकची खरेदीच अडकेल. त्याऐवजी मंजूर वार्षिक अंदाजपत्रकाबाहेरचा, अमुक टक्क्यांवरचा खर्च, अशी मर्यादा घाला. संमतीची मागणी लेखी गेल्यावर दहा कामकाजी दिवसांत उत्तर न आल्यास संमती मिळाली असं समजावं, हे वाक्य हवंच. आणि त्याचा हिस्सा पाच टक्क्यांखाली गेला की हे हक्क संपतात, हेही. त्याचा संचालक हजर नसेल तर बोर्डाची गणपूर्ती होत नाही, असं कलम असेल तर पुढे ढकललेल्या सभेला तीच अट लागू नाही, हे जोडून घ्या. नाहीतर केवळ गैरहजर राहून कंपनी थांबवता येते.

हिस्सा पातळ होण्याच्या संरक्षणात 'फुल रॅचेट' असेल तर नकार द्या. पुढच्या फेरीत एकच शेअर कमी भावाने गेला तरी त्याच्या सगळ्या शेअरचा भाव तिथवर खाली येतो. भारित सरासरीची पद्धत, म्हणजे किती शेअर कमी भावाने गेले त्या प्रमाणातच भाव खाली आणणारी, तीही कंपनीचे सगळे शेअर आणि कर्मचारी योजनेसकट मोजणारी, ही रास्त आहे. मात्र कर्मचारी योजनेतले शेअर मूळ भावाच्या खाली दिले तर तेवढ्याने हे संरक्षण लागू होणार नाही, असं लिहायला विसरू नका.

ही सगळी कलमं नुसत्या करारात राहिली तर काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली व्ही. बी. रंगराज प्रकरणात सांगितलं की शेअर हस्तांतरावरचं जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीला आणि भागधारकांना बांधत नाही. तिथे दोन भावांच्या शाखांनी आपापले शेअर आधी आपल्याच शाखेला देण्याचं ठरवलं होतं, आर्टिकल्समध्ये ते नव्हतं, आणि समझोता टिकला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली वर्ल्ड फोन प्रकरणात नकाराधिकाराच्या कलमालाही तीच कसोटी लावली. २०१२ च्या व्होडाफोन निकालात रंगराजशी मतभेद दाखवणारी निरीक्षणं आहेत, म्हणून वकील यावर अजून वाद घालतात. पण वादात उतरायची गरजच नाही. वाटप होईल त्याच दिवशी आर्टिकल्स बदलून हक्काची कलमं शब्दशः त्यात घाला. हे गुंतवणूकदाराइतकंच तुमच्याही हिताचं आहे: त्याने शेअर विकायचे ठरवले तर आधी तुम्हाला विचारायचं, हा तुमचा हक्कही याच दारातून जातो.

सीसीपीएसला इक्विटीसारखं मत द्यायचं असेल तर तेही आर्टिकल्समध्येच लिहावं लागतं. प्रायव्हेट कंपनीला शेअरचे प्रकार आणि मताधिकार ठरवणाऱ्या कलम ४३ आणि ४७ पासून सूट घेता येते, पण मेमोरँडम किंवा आर्टिकल्समध्ये तशी तरतूद हवी आणि कंपनीने वार्षिक ताळेबंद व विवरणपत्र भरण्यात कसूर केलेली नसावी. एखाद्या वर्षाचं विवरणपत्र राहिलं असेल तर आधी ते भरा. वर मी सभेच्या आणि नोटिशीच्या टक्क्यांबद्दल लिहिलं, ते अशा मताधिकारावरच अवलंबून आहे. मताधिकार नसलेले सीसीपीएस असतील तर त्या हिशेबात त्याचे शेअर धरले जाणार नाहीत.

एका मागणीवर थांबून विचार करा. काही मसुद्यांत ही कलमं आर्टिकल्समध्ये 'गोठवायची' अट असते, म्हणजे विशेष ठरावाहून कडक अटीशिवाय ती बदलता येणार नाहीत. कलम ५ तशी मुभा देतं, मात्र प्रायव्हेट कंपनीत नंतर असं करायला सगळ्या सभासदांची संमती लागते आणि रजिस्ट्रारला कळवावं लागतं. एकदा गोठवलं की पुढच्या फेरीतल्या गुंतवणूकदाराला जागा करून देतानाही या एकाची सही लागणार. नकाराधिकाराच्या यादीत 'आर्टिकल्समधले माझे हक्क बदलणं' एवढं पुरतं.

शेवटी 'सर्व शेअर रीतसर अधिकृत, वैधपणे दिलेले आणि पूर्ण भरणा झालेले आहेत' या हमीवर सही करण्याआधी स्वतःचे कागद काढा. मेमोरँडमवर सही करताना प्रत्येकाने घेतलेल्या शेअरचे ५०,००० रुपये कंपनीच्या खात्यात खरंच जमा झाले होते का? बँकेचं त्या वर्षीचं स्टेटमेंट बघा. हा भरणा राहून गेलेला फार वेळा सापडतो. कंपनी २ नोव्हेंबर २०१८ ला किंवा त्यानंतर स्थापन झाली असेल तर आयएनसी-२०ए, म्हणजे धंदा सुरू केल्याचं घोषणापत्र, दाखल आहे का, सर्टिफिकेटांवर ड्युटी भरली आहे का, सभासदांची नोंदवही लिहिलेली आहे का. जे अपुरं असेल ते प्रकटन-पत्रात स्पष्ट लिहून कराराला जोडा. लिहून दिलेल्या त्रुटीवर हमीभंगाचा दावा होत नाही, लपवलेल्यावर होतो, आणि तो बहुतेक मसुद्यांत तुम्हा दोघांवर व्यक्तिशः असतो. ती व्यक्तिगत जबाबदारी गुंतवणुकीच्या रकमेपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती मर्यादित करून घ्या.

सह्यांचा क्रम असा ठेवा: आधी करार, त्यात पूर्वअटी म्हणून भांडवलवाढ, मूल्यांकन, विशेष ठराव, एमजीटी-१४. मग पास-४ आणि पैसे. त्यानंतर एकाच दिवशी वाटपाची बोर्ड सभा, नव्या आर्टिकल्सचा ठराव आणि त्याच्या संचालकाची नेमणूक. पूर्वअटी पुऱ्या करायला ९० दिवस मागा, कारण मूल्यांकन आणि फॉर्मची मंजुरी यांत दीड-दोन महिने सहज जातात. आर्टिकल्सचा नवा मसुदा मात्र कराराबरोबरच, सही करण्याआधी, शेवटच्या शब्दापर्यंत ठरलेला असू द्या.